शालनअक्काचं पडीक रान

अक्का, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू फोनवर म्हणाली होतीस, "तिकडं बसून बोलू नगंस. ये, रान बघ, मग काय ते भांड." मी म्हणाले, दिवाळी झाली की येते. तशी आलेही. पण तुझ्या रक्षाविसर्जनाला.

सकाळी म्हशीची धार काढताना तुझ्या छातीत कळ आली आणि राधानगरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, एवढंच तुझ्या लेकीनं फोनवर सांगितलं. मी तेव्हा चंद्रपूरकडच्या जंगलात कामावर होते. मिळेल त्या गाडीनं कोल्हापूर गाठलं, तिथून तुझ्या गावची एसटी पकडली. रस्त्याच्या दोन्हीकडं भाताची सुगी चालली होती. मी खिडकीशी बसून सबंध वाटेत तुझ्याशी जे भांडायचं ठरवलं होतं त्याचीच उजळणी करत होते. गावात उतरल्यावर, तुझ्या घराकडं वळल्यावर, दारातली गर्दी बघितल्यावर ती थांबली.

अंगणात बायका बसल्या होत्या. मी तुझ्या लेकीच्या शेजारी जाऊन टेकले, तशी एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "ही कोण गं?"

"आईच्या वर्गातली," लेक म्हणाली.

आजींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तुझ्या लेकीकडं. आम्ही दोघी एकाच वयाच्या. "वर्गातली म्हंजे?" त्यांनी विचारलं. आणि अक्का, मला हसू आलं. भर रडारडीत. ओढणी तोंडावर धरली तेव्हा सगळ्यांना वाटलं मी रडतेय. थोड्या वेळानं तेही खरं झालं.

वर्गातली म्हणजे काय ते मला त्या आजींना सांगता आलं नसतं. तुला सांगते.

कोल्हापूरच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा पहिला तास होता. खिडकीबाहेर मोर ओरडत होते आणि आत आम्ही पोरंपोरी एकमेकांकडं चोरून बघत होतो. तेवढ्यात तू दारात आलीस. नवी इस्तरीची साडी, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. आम्हाला वाटलं मॅडमच आल्या. सगळा वर्ग उठून उभा राहिला. तू गडबडलीस आणि म्हणालीस, "बसा की बाळांनो. मी बी शिकायलाच आलोय."

'आलोय'. तू तशीच बोलायचीस आणि मीही. आपल्याकडच्या बायका येतो, जातो, करतोच म्हणतात. आता चंद्रपूरला माझ्या तोंडून कधी 'मी जातो' निसटलं की ऑफिसातली पोरं हसतात. मी त्यांना सांगते, आमच्या वर्गात एक बाई होती, तिच्यापुढं असं हसून दाखवा.

तू सरळ माझ्या बाकावर येऊन बसलीस. मी सरकून म्हणाले, "तुम्ही आत बसता का?" त्यावर तू पिशवी पायाशी ठेवलीस आणि म्हणालीस, "एका बाकावर बसून तुम्ही कशाला? माझं माहेर सीमेकडचं. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणत्यात. तू बी तसंच म्हण. मावशी न् काकू म्हटलंस तर बाक बदलीन." त्या दिवसापासून तू अक्का झालीस, माझी आणि मग सगळ्या वर्गाची.

सरांनी प्रत्येकाला विचारलं, हा विषय का घेतला. कुणाला वनसेवेची परीक्षा द्यायची होती, कुणाला परदेशात जायचं होतं. मी म्हणाले, मला वाघ बघायचाय. वर्ग हसला. मग तू उठलीस. लग्नाआधी बीएस्सी केलेलं, मग घर, म्हशी, मुलं. लेकीचं लग्न झालं, मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि लेकीनंच तुझा ऑनलाइन अर्ज भरला. एवढं सांगून तू म्हणालीस, "सर, आमच्या भातात गवं येत्यात. माझं लग्न झाल्यापासनं येत्यात. का येत्यात त्ये मला आजपातूर कुणी नीट सांगितल्यालं न्हाय. म्हटलं आपणच जाऊन विचारावं."

सर म्हणाले, "रानगवा शेतात का येतो, हा चांगला प्रश्न आहे."

"त्येचं बी बघा सर," तू म्हणालीस, "आमच्यात शेतालाच रान म्हणत्यात. मग रानगव्याला तरी कसं कळावं कुठलं रान कुणाचं?"

तेव्हा सगळ्यात मोठ्यानं सरच हसले होते.

होस्टेलवर आपल्याला एक खोली मिळाली. सोमवारी तू गावाहून यायचीस ती नाचणीच्या भाकऱ्या, घट्ट दही आणि म्हशींच्या तक्रारी घेऊन. शनिवारी परत जायचीस. दाजी घरी एकटे. तुझा नवरा म्हणून मी त्यांना दाजी म्हणायला लागले, त्यांना बघायच्या आधीपासून. ते फोनवर फक्त म्हशीचं बोलायचे. कुठली आटली, कुठली व्यायला आली. तू ऐकायचीस, हं हं करायचीस आणि फोन ठेवल्यावर म्हणायचीस, "करमत न्हाय त्येनला." मला वाटायचं हे कुठून काढलं हिनं? ते तर वैरणीचं बोलत होते.

जंगलात न्यायची यादी मिळाली तेव्हा त्यात पँट आणि बूट होते. आपण शाहूपुरीतल्या कपड्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "मावशी, पोराचं माप काय?" तू म्हणालीस, "माझंच घ्या." त्यानं टेप गळ्यात तशीच ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तू आत जाऊन पँट घालून बाहेर आलीस तेव्हा शर्टाचं टोक दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत ओढत होतीस. आरशात स्वतःकडं बराच वेळ बघितलंस. "कशी दिसतो?" असं विचारलंस तेव्हा तुझा आवाज अगदी बारीक होता. मी म्हणाले, "फौजदार." तू ती पँट न काढता वरून साडी नेसलीस आणि आपण बाहेर भेळ खाल्ली.

पुढं कितीतरी शनिवार तू स्टँडवर जाऊन पँटवर साडी गुंडाळायचीस आणि मग गावची गाडी धरायचीस. एका शनिवारी आपण थेट फिल्डवरून आलो, साडी खोलीत राहिली आणि गाडी तर लागलेली. तू तशीच गेलीस. सोमवारी आल्या आल्या मी विचारलं, "दाजी काय म्हणाले?"

"बघितलं वरनं खाली. म्हणाले, शेणाघाणाच्या कामाला बरी हाय, साडी भिजत न्हाय." तू पिशवीतनं दही काढत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला अजून दिसतं.

खरं सांगायचं तर अक्का, जंगलात तू वाईट विद्यार्थिनी होतीस. तुला गप्प बसायला जमायचं नाही. पक्षी दिसला की तू त्याच्याशी बोलायचीस आणि तो उडून जायचा. सापाला एवढी भ्यायचीस की वेल हलली तरी माझा दंड धरायचीस. संख्याशास्त्र तर तुझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मी सरासरी शिकवायला बसले की तू म्हणायचीस, "एका खाचरात सगळं खाल्लं, दुसऱ्यात कायबी न्हाय, आणि तू म्हणतीस सरासरी अर्धं खाल्लं. ज्येचं सगळं गेलं त्येनं अर्धंच रडायचं व्हय?" मी चिडायचे. तू पेन आपटायचीस. मग एकीनं चहा करायचा आणि दुसरीनं पुस्तक परत उघडायचं, हे ठरून गेलं होतं. त्या पेपरात तू कशीबशी पास झालीस आणि सगळ्या होस्टेलला पेढे वाटलेस.

माझीही गत फार वेगळी नव्हती. पहिल्याच जंगलफेरीला मी वडिलांनी केलेले पैंजण घालून गेले होते. हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्याची पोरगी, पायात काही नाही असं झोपतानासुद्धा माहीत नव्हतं. सर वैतागून म्हणाले, "ते काढा आधी." तू म्हणालीस, "राहू द्या की सर. अस्वल तरी वाटंतनं बाजूला होईल." मी काढले. पण तू मला पैंजणच म्हणायला लागलीस आणि वर्गात माझं खरं नाव कुणाला आठवेना.

हुपरीला तू एकदाच आलीस. पहिलं वर्ष संपताना माझं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, आणि जंगलात हिंडायचं शिक्षण त्यांना नको होतं. आमच्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. मी तुला एवढंच सांगितलं की पुढच्या वर्षी कदाचित तुला दुसरी कुणीतरी सोबतीण मिळेल. रविवारी सकाळी तू आमच्या दारात उभी.

आईनं चहा टाकला. वडील पुढच्या खोलीत घुंगरं जोडत बसले होते. तू त्यांच्यासमोर फरशीवर बसलीस. मला आईनं आत बोलावून भांडी घासायला लावली, म्हणून तुम्ही काय बोललात ते मला तेव्हा कळलं नाही. फक्त बराच वेळ वडिलांच्या हातोडीचा आवाज येत नव्हता. तू निघालीस तेव्हा ते स्टँडपर्यंत तुला सोडायला आले. स्थळाला नाही कळवलं गेलं.

तू मला कधीच सांगितलं नाहीस. गेल्या वर्षी आईनं सांगितलं. तू म्हणाली होतीस, "दादा, मी बी हुशार हुतो. लगीन झालं, चांगलं झालं, माझी कायबी तक्रार न्हाय. पर परत शिकाय यायला माझी केसं पांढरी झाली. हिला आत्ताच शिकू द्या. लगीन काय, माझ्यासारखीचं बी झालं की." वडील एवढंच म्हणाले, "हिला जंगलात एकटी सोडणार न्हाय न्हवं?" आणि तू म्हणालीस, "माझ्या डोळ्यांम्होरं हाय."

अक्का, हे कळल्यावर मी तुला फोन केला होता. आठवतं? मी म्हणाले होते, सहज केला. तुझी म्हैस आजारी होती, आपण तिच्यावरच बोललो. दाजींसारखं झालं माझं. मला जे म्हणायचं होतं ते मी म्हशीच्या औषधातून म्हणून घेतलं. तुला कळलं असेल असं मी आता स्वतःला सांगते. दाजींचं कळायचं तसं.

आपल्या भांडणाचं मात्र सगळं स्पष्ट होतं. त्यात आपण काहीच राखून बोललो नाही.

सुरुवातीला मी गव्याच्या बाजूची होते आणि तू माणसाच्या. मी म्हणायचे, जंगल आधी त्यांचं, शेती नंतर आली. तू म्हणायचीस, "हुपरीत बसून चांदीवर गवा येत न्हाय, म्हणून बोलतीस." तुझा धाकटा दीर, रंगराव भाऊजी, त्यांचं भात एका हंगामात सगळं तुडवलं गेलं होतं. ते वर्षभर रेशनचा तांदूळ खात होते. तू म्हणायचीस, उतारावर सगळीकडं सौरकुंपणाची तार मारावी, झटका बसला की गवा येणार नाही, विषय संपला.

मग दुसऱ्या वर्षी तो गवा शहराजवळ आला.

नदीपलीकडच्या उसात तो सकाळी कुणालातरी दिसला. दहा वाजेपर्यंत रस्त्यावर जत्रा जमली होती. वनखात्याची माणसं होती ती पुरत नव्हती, म्हणून सरांनी आम्हाला सगळ्यांना गर्दी मागं ठेवायला नेलं. तू आणि मी उसाकडं जाणाऱ्या एका पाणंदीच्या तोंडाशी उभ्या होतो. मोटरसायकलवरची पोरं मोबाइल वर धरून आत घुसायला बघत होती. तू रस्त्याच्या मधोमध उभी राहिलीस. "पावणं, कुठलं तुम्ही?" एकाला विचारलंस. त्यानं गावाचं नाव सांगितलं. "तिथल्या कुणाचं?" मग त्याच्या आजोबापर्यंत गेलीस. तो बिचारा मोबाइल खाली घेऊन उत्तरं देत बसला. तुला जंगलात कधी गप्प बसता आलं नाही, पण त्या दिवशी तुझ्या बोलण्यानंच आपली वाट बंद राहिली.

दुसऱ्या बाजूची राहिली नाही. तिकडून कुणीतरी शिट्ट्या मारल्या, फटाके लावले. ज्यांचा ऊस होता ते म्हातारे बाबा पाण्याची मोटर बंद करायला आत गेलेले. गवा बिथरून बाहेर पडला तो त्यांच्याच अंगावरून. मला फक्त ऊस फाटल्याचा आवाज आला आणि मग किंकाळी.

बाबांबरोबर त्यांची सून एकटीच होती. सर म्हणाले, कुणीतरी हिच्यासोबत जा. मी गाडीत चढले. दिवसभर मी दवाखान्यात होते. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलले ते मोटर बंद झाली का, हे. त्यांची सून माझा हात सोडत नव्हती. वाचले ते, पण परत स्वतःच्या पायावर रानात गेले नाहीत.

आणि तू तिथंच राहिलीस. लोकांनी त्या गव्याला दुपारभर या उसातून त्या उसात पळवलं. तुमच्याकडून जेवढं झालं तेवढं तुम्ही केलं. ऊन उतरताना तो नदीकाठच्या गवतात बसला आणि परत उठला नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पळून पळून दम तुटला.

मी संध्याकाळी खोलीवर आले तेव्हा तू पलंगावर बूट न काढता बसली होतीस. मला वाटलं तू बाबांचं विचारशील. विचारलंस, पण नंतर. आधी म्हणालीस, "त्येच्या चारी पायात पांढरं मोजं हुतं बघ. पुस्तकात वाचलं हुतं. आमच्या भातातनं जातो तवा निसती पाठ दिसती. आज तोंड बघितलं."

मग रडलीस. मीही रडले, पण आपण दोघी वेगवेगळ्या कारणांसाठी रडत होतो.

त्या दिवशी तू गव्याजवळ बसलीस आणि मी बाबांजवळ. मला वाटतं आपली भांडणाची जागा तिथंच बदलली. पुढच्या आठवड्यात वर्गात चर्चा झाली तेव्हा मी उठून म्हणाले, तार मारलीच पाहिजे. तू म्हणालीस, तार मारली की तो दुसऱ्याच्या रानात जातो, मग शहरात येतो, मग असा मरतो. सर बुचकळ्यात पडून म्हणाले, "तुम्ही दोघी मागच्या महिन्यात उलट बोलत होता ना?" कुणी हसलं नाही.

तू प्रबंधासाठी तुझंच गाव घेतलंस. मी सांगत होते, नको, दुसरं घे. ऐकलं नाहीस. ज्यांच्या घरी हळदीकुंकवाला जायचीस त्यांच्याच दारात तू पँट घालून गवा कुठून येतो, कधी येतो हे विचारत फिरलीस. लोक म्हणायचे, "तुझ्या गव्यांस्नी जाऊन इचार की." रंगराव भाऊजींनी तुझ्याशी बोलणं टाकलं. एका घरातल्या दोन चुली, मधे एक भिंत, आणि तू त्यांच्या मुलीकरवी निरोप पाठवायचीस.

तुला जे सापडलं ते साधं होतं. गवे सगळ्या उतारावरून येत नव्हते. तुझ्या आणि भाऊजींच्या रानाच्या मधून एक घळ जाते, ती धरून ते खाली ओढ्याला उतरतात. तिथं तार मारली तर ते खालच्या वाडीकडून फिरणार, जिथं पोरं शाळेला चालत जातात. पदवी हातात आल्यावर मी नोकरीला चंद्रपूरला गेले. तुला सरांनी संशोधनाला थांब म्हटलं होतं. तू गावी गेलीस. आणि या हंगामात तू घळीकडची तुझ्या वाट्याची खाचरं पेरलीच नाहीस. म्हणालीस, वाट सोडली.

दाजी एवढंच म्हणाले, असं तूच सांगितलंस, "तुझं शिक्षण शेवटी आमच्या भाताला लागलं." गाव म्हणालं, शिकून खुळी झाली.

आणि मी, तुझी पैंजण, गावाच्याच बाजूनं बोलले. दसऱ्याच्या त्या फोनवर मी म्हणाले, "अक्का, चार खाचरं सोडून वाट होत नाही. तू त्यांना दार उघडून दिलंस. उद्या ते तुझ्या पडीक रानातनं भाऊजींच्या भातात जाणार."

"मग दार कुठं ठेवू? तुझ्या त्या दवाखान्यात?"

"ज्यांचं मोडतंय त्यांना विचारून ठेव."

"मी त्यातलीच हाय की गं," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "ये, रान बघ." तुझा आवाज चिडका नव्हता. थकलेला होता. मला वाटलं सुगीचं काम.

रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रंगराव भाऊजी स्वतःहून माझ्याकडं आले. "चला, रान दावतो," म्हणाले.

तुझी खाचरं कमरेएवढ्या गवतानं भरली आहेत. मधून एक मळलेली वाट खाली ओढ्याला गेली आहे, गाडीवाटेसारखी स्पष्ट. मी ती बघत उभी राहिले. भाऊजींनी मला हाताला धरून त्यांच्या बांधावर नेलं. त्यांच्या भाताचा एक कोपरा तुडवलेला होता, लोंब्या खाल्लेल्या होत्या.

"हे बघा. एवढं गेलं माझं," ते म्हणाले. मग खालच्या वाडीकडं बोट केलं. "पर तिकडं औंदा एकबी गेला न्हाय. पोरं बिनघोर शाळंला गेली."

आपल्या दोघींचंही खरं निघालं होतं, अक्का. मला त्याचा काही आनंद झाला नाही.

भाऊजी बांधावर बसले. "वहिनी दिवाळीत आली माझ्याकडं. इतक्या दिसांनी. म्हणाली, सुगी झाली की बसू, तुमचं गेल्यालं बी धरू, आणि मग तार मारायची का न्हाय ते ठरवू. मी व्हय म्हटलं. आता ती न्हाय. तुम्ही शिकल्याल्या हाय. तुम्ही सांगा, मारू का?"

फोनवर मी तुझ्याशी जे जे बोलले होते ते सगळं माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणाले, "नका मारू. एक वर्ष तरी."

"का?"

मी तुझ्या गवतातल्या वाटेकडं बघितलं. त्यांनीही तिकडं बघितलं. "वहिनीसाठी म्हणताय व्हय?"

मी मान खाली घातली.

"तसं आसंल तर तसं सांगा. मी मारत न्हाय," ते म्हणाले. "माझी बी वहिनी हुती. भिंतीपलीकडं ती खोकली तरी मला ऐकू येत हुतं. पर मया येगळी आणि खरं काय हाय ते येगळं. ते बी मला पायजे. माझं भात हाय."

तेवढ्यात दाजी चालत आले. विधी सोडले तर तू गेल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते म्हणे. तुझ्या गवतात शिरून त्या वाटेपर्यंत गेले, वाकून बघितलं आणि परत आले. "रातचं आल्यात," एवढंच बोलले. भाऊजींनी त्यांना बसायला जागा करून दिली. दोघं भाऊ एका बांधावर बसले.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. मला माहीत नाही. एका हंगामावरून काहीच म्हणता येत नाही. औंदा वरती पाणी किती होतं, कळप किती आले, भाऊजींचा कोपरा कळपानं खाल्ला की एखाद्या एकट्या गव्यानं, हे कुणी बघितलेलं नाही. बघत राहावं लागेल. मी ऑफिसातून जंगलात लावायचे कॅमेरे मागून आणते, पुढच्या सुगीपर्यंत ठेवते आणि रजा काढून येत जाते. तोवर तार नको.

"आणि मग सांगशील?" दाजींनी विचारलं. पहिल्यांदाच ते माझ्याशी म्हशीखेरीज काही बोलत होते.

"सांगेन," मी म्हणाले.

भाऊजी उठले. "बरं," म्हणाले. "पर खोटं सांगू नगा. वहिनी मोठी व्हावी म्हणून बी नगा."

अक्का, तुझा दीर चांगला माणूस आहे. तू त्याच्याशी भिंतीपलीकडून का होईना भांडत राहिलीस, ते बरं केलंस.

आता मी हुपरीत आईकडं आहे, परवा चंद्रपूरला जाईन. कॅमेऱ्यांचा अर्ज ऑफिसला पाठवला आहे. उन्हाळ्यात तुझ्या घळीत येऊन ते झाडांना बांधेन आणि सापाला भिऊन कुणी माझा दंड धरणार नाही. मला आत्तापासून वाटतंय की तू बरोबर निघावीस. फार वाटतंय. म्हणूनच मला जपून बघावं लागेल. पुढच्या सुगीला मी तुझ्या अंगणात दाजी आणि भाऊजींना समोर बसवीन आणि जे दिसलं ते सांगेन. तू बरोबर असलीस तर ते. चुकलीस तर तेही, आवाज खाली न आणता, तू माझ्याशी बोलायचीस तसं. फक्त मला मधेच तोडायला तू नसशील. मला सगळं वाक्य पुरं करावं लागेल.